खोडलेले कागद घेऊन या: जाहिरात व्यावसायिकांना एक खुले पत्र

जाहिरात संस्थांमध्ये कॉपी म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्या, लेआउट करणाऱ्या, क्लायंट सांभाळणाऱ्या, फिल्म बनवणाऱ्या आणि वेळात वेळ काढून विद्यार्थ्यांची कार्यशाळा घ्यायला येणाऱ्या तुम्हां सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी गेली बारा वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यांना जाहिरात हा विषय शिकवते. एजन्सीत मी स्वतः कधी नोकरी केलेली नाही. त्यामुळे वर्षातून एकदा-दोनदा तुमच्यापैकी कुणी वर्गात येते, तेव्हा मुलांइतकीच मीही वही उघडून बसते. तुम्ही कामाचा दिवस मोडून येता, मानधनाचा विषयसुद्धा काढत नाही आणि कार्यशाळा संपल्यावर दाराशी घोळका करून उभ्या असलेल्या मुलांच्या शंका शेवटपर्यंत ऐकून घेता. याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. तुम्ही एवढे करता म्हणूनच आणखी एक गोष्ट मागायला धीर होतो. पुढच्या वेळी याल तेव्हा गाजलेल्या जाहिराती नाही आणल्यात तरी चालेल. त्या जाहिरातींच्या आधी जे कागद खोडले गेले, ते मात्र घेऊन या.

असे का म्हणते, ते माझ्या वर्गात झालेल्या दोन कार्यशाळांवरून सांगते.

पहिली काही वर्षांपूर्वीची. पाहुणे नावाजलेले होते, बोलायला फार छान होते. दिवे मालवले आणि पडद्यावर एकामागून एक फिल्म सुरू झाल्या. दोन तासांत वीस-बावीस झाल्या असतील. मुले हसली, दोघी-तिघींचे डोळे भरून आले, टाळ्या झाल्या. शेवटी एका मुलीने विचारले, "ही शेवटची कल्पना तुम्हाला सुचली कशी?" पाहुणे म्हणाले, "विमानतळावर बसलो होतो, अचानक सुचली." ते खोटे बोलत होते असे मला मुळीच वाटत नाही. त्यांना ती तशीच आठवत असणार. पण त्या विमानतळावर पोचेपर्यंत ब्रीफ, म्हणजे जाहिरात कशाची, कुणासाठी आणि कशासाठी हे सांगणारा कागद, किती वेळा वाचून झाले होते, टीमने आणलेल्या किती कल्पना बाद झाल्या होत्या, क्लायंटने काय म्हणून परत पाठवले होते, हे सगळे त्यांच्या आठवणीतून गळून गेले होते. आमच्या मुलांना नेमके तेच हवे होते.

पुढच्या आठवड्यात मी गृहपाठ तपासायला घेतला. विषय मी दिला होता साध्या सायकलीच्या कुलपाचा. हातात आलेल्या बहुतेक स्क्रिप्टमध्ये संथ संगीत होते, बाप-लेक होते, पावसाची काच होती आणि शेवटच्या तीन सेकंदांत कंपनीचे चिन्ह होते. कुलूप कुणासाठी आहे, इतर कुलपांपेक्षा त्यात वेगळे काय आहे, ते कुणी का घ्यावे, हे शोधायला मला कागद उलटसुलट करावे लागले. मुलांनी नक्कल केली म्हणून मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. त्यांना काम जिथे संपते ते टोक दाखवले गेले होते आणि त्यांनी तिथूनच सुरुवात केली होती. आधीच्या महिन्यात त्याच मुलांनी कुलपावर बऱ्या ओळी लिहिल्या होत्या. त्या कार्यशाळेनंतर त्यांचे काम बिघडले, हे लिहिताना वाईट वाटते, पण ते तसे झाले.

दुसरी कार्यशाळा गेल्या वर्षीची. आलेल्या बाई कॉपीरायटर होत्या, वीस वर्षे हेच काम करणाऱ्या. त्यांच्याकडे लॅपटॉप नव्हता. एक फुगलेले फोल्डर होते आणि एक घडीची छत्री. छत्री त्यांनी टेबलावर ठेवली आणि प्रत्येकाला एक पान दिले. त्यावर पाच ओळी होत्या. छत्री कुणासाठी: रोज बस किंवा लोकल गाडीने कामाला जाणाऱ्या माणसांसाठी. आकार: बॅगेत मावणारी. बांधणी: आठ काड्या, वाऱ्यात सहसा उलटत नाही. मूठ: भडक पिवळी. आणि शेवटची ओळ, ही जाहिरात पाहून माणसाने काय करावे अशी आपली इच्छा आहे. एवढेच.

"वीस मिनिटं. प्रत्येकी दहा हेडलाइन," त्या म्हणाल्या. वर्गातून हलकीशी कुरकुर उठली. दहा कशाला, एक चांगली पुरे, असे मुलांना वाटते. मलाही पूर्वी वाटायचे.

वीस मिनिटांनी फळा भरला. 'पावसाचा सोबती'. 'भिजायचं कशाला?' 'डोक्यावरचं हक्काचं छप्पर'. बाईंनी प्रत्येक ओळ मोठ्याने, नीट वाचली. कुठल्याच ओळीला त्या हसल्या नाहीत. मग प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: "ही ओळ दुसऱ्या कुठल्याही छत्रीवर लावली तर चालेल?" पहिल्या दोन-तीन ओळींना मुले गप्प राहिली. नंतर ती स्वतःच सांगू लागली, चालेल, चालेल, हीसुद्धा चालेल. चालेल म्हटले की ओळीवर खडूची रेघ. पाव तासात फळ्यावर जवळजवळ काही उरले नाही, आणि गंमत म्हणजे कुणी हिरमुसले नव्हते, कारण प्रत्येक ओळ का गेली हे प्रत्येकाला कळले होते.

मग त्यांनी विचारले, "आजवर किती जणांची छत्री हरवली आहे?" जवळजवळ सगळे हात वर. "कुठे?" बसमध्ये, ग्रंथालयात, मैत्रिणीच्या घरी. "तेव्हा पाऊस पडत होता?" यावर वर्ग थांबला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात तीनदा बोलला असेल, म्हणाला, "नाही. पडत असता तर विसरलोच नसतो."

बाईंनी त्याचे वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिले आणि सांगितले, "आता ब्रीफची चौथी ओळ परत वाचा."

भडक पिवळी मूठ. ती ओळ सगळ्यांनी वाचली होती आणि सजावट म्हणून सोडून दिली होती. मीही सोडून दिली होती. त्यानंतरच्या अर्ध्या तासात त्या वर्गात जे झाले ते मी बारा वर्षांत पाहिले नव्हते. 'पाऊस थांबला. छत्री?' ही एका जोडीची ओळ. दुसऱ्या जोडीने ओळच लिहिली नाही. उतरून गेलेल्या माणसांची रिकामी बस काढली, सगळी करड्या रंगात, आणि एका सीटच्या कडेला पिवळा ठिपका. एका मुलीने लिहिले, 'विसरू देत नाही'. वर्गाला ती फार आवडली. बाई मात्र तिथे थांबल्या. म्हणाल्या, "ऐकायला छान आहे. पण मूठ लांबून दिसते, एवढंच आपल्याला माहीत आहे. माणूस विसरणार नाही, हे आपण कशाच्या जोरावर सांगतोय?" मुलगी विचारात पडली. दहा मिनिटांनी तिने ओळ बदलून आणली: 'विसरलात, तरी लांबून दिसेल'. आधीच्या ओळीइतकी ती टाळीची नाही. पण खरी आहे, आणि माझ्या मते जास्त चांगली आहे, कारण तिच्यात माणूस विसरतो हे मान्य केले आहे.

शेवटचा पाऊण तास त्या फोल्डरचा होता. बाईंनी आपल्याच एका जुन्या कामाचे कागद टेबलांवर पसरले. कंपनीचे नाव आणि आकडे काळ्या शाईने झाकलेले होते. पहिल्या आठवड्यातल्या ओळी, टीमच्या प्रमुखाचे शेरे, क्लायंटच्या लाल खुणा, सहाव्यांदा बदललेला मजकूर आणि शेवटी छापले गेले ते पान. त्यात एक ओळ होती जी बाईंना आजही छापल्या गेलेल्या ओळीपेक्षा जास्त आवडते. मुलांना वाटले, आता क्लायंटबद्दलचा किस्सा ऐकायला मिळणार. बाई म्हणाल्या, "क्लायंटचं बरोबर होतं. माझी ओळ वाचून लोकांना मी हुशार वाटले असते. वस्तू कशासाठी आहे ते कळलं नसतं."

हे एक वाक्य मी वर्षभर शिकवून मुलांच्या गळी उतरवू शकले नव्हते. माझ्या तोंडून ते पुस्तकातले वाटते. ज्या हाताने ती ओळ लिहिली त्याच हाताने ती खोडल्याचा कागद समोर असला, की ते वेगळे ऐकू येते. माझी सगळी मागणी इथून आली आहे.

आता यावर कुणी म्हणेल की मोठमोठ्या ओळी तर सहजच सुचतात, त्यांच्या कथाच तशा आहेत. त्या कथा मी अभ्यासक्रमात शिकवते, म्हणून थोडे त्यांच्याबद्दल. नामवंत जाहिरात-लेखक डेव्हिड ओगिल्वीची १९५८ सालची रोल्स-रॉइस गाडीची हेडलाइन तुम्हांला पाठ असेल: ताशी ६० मैल वेगाने जाताना या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो विजेवर चालणाऱ्या घड्याळाचा. मुलांनाही ती पाठ असते. पण ओगिल्वीने आधी तीन आठवडे त्या गाडीबद्दल मिळेल ते वाचून काढले, घड्याळाचे निरीक्षण त्याला मोटारींवरच्या एका नियतकालिकातल्या परीक्षणात सापडले, आणि त्या जाहिरातीसाठी त्याने २६ हेडलाइन लिहून त्यांतली एक सहकाऱ्यांकडून निवडून घेतली, हे सांगितले की वर्गाचे चेहरे बदलतात. छत्रीच्या चौथ्या ओळीची गोष्ट तीच आहे. मूठ आधीपासून पिवळीच होती, घड्याळ आधीपासून वाजतच होते.

तसाच अमेरिकी कॉपीरायटर क्लॉड हॉपकिन्स. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास श्लिट्झ या बिअर कंपनीचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा सगळ्याच कंपन्या आपली बिअर शुद्ध असल्याचे मोठमोठ्या अक्षरांत सांगत होत्या. हॉपकिन्स कारखाना बघायला गेला. काचेच्या खोल्यांत गाळलेल्या हवेत थंड होणारी बिअर, खोल विहिरींचे पाणी, यंत्राने चार वेळा धुतलेल्या बाटल्या हे सगळे त्याने पाहिले आणि विचारले, हे तुम्ही लोकांना का सांगत नाही? उत्तर मिळाले की सगळेच असे करतात, त्यात विशेष काय. त्याने तेच सांगितले आणि विक्री जोरात वाढली. हा धडा घेतला की माझ्या वर्गात हमखास वाद होतो. अर्धी मुले म्हणतात, यात खोटे काहीच नाही. उरलेली म्हणतात, सगळेच जे करतात ते फक्त आपणच करतो असे भासवणे हे खोटेच. मी दोन्ही बाजू मांडते, पण मला या वादात तुम्ही हवे आहात. रोज क्लायंटसमोर बसून अशा वाक्यांची निवड करणारा माणूस काय म्हणतो, ते मुलांना ऐकायचे असते.

आणखी एक उदाहरण, उलट्या बाजूचे. फ्रान्सिस गेरेटी ही एन. डब्ल्यू. एअर या एजन्सीतली कॉपीरायटर. १९४७ मध्ये रात्री उशिरा काम संपवताना तिने डी बीअर्सच्या हिऱ्यांसाठी एक ओळ लिहून ठेवली, हिरा कायमचा असतो या अर्थाची. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांसमोर मांडली तेव्हा तिचे काही फार स्वागत झाले नाही. ती ओळ पुढे किती टिकली ते जगाला माहीत आहे. म्हणून खोडलेले कागद आणा म्हणताना खोडणारा प्रत्येक वेळी बरोबरच होता, असे मुलांना शिकवा असे मी म्हणत नाही. कधी चांगली ओळही मरते. तीही आणा. ती का मेली आणि आज ती तुम्ही कशी वाचवली असती, हे सांगा.

माझी दुसरी मागणी वर्गाच्या बसण्याविषयी आहे. १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉयल डेन बर्नबाख ही एजन्सी सुरू झाली. त्याआधी बहुतेक ठिकाणी कॉपीरायटर मजकूर लिहून तो चित्रकारांच्या विभागाकडे पाठवून द्यायचा. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बिल बर्नबाखने कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टर यांना जोडीने कामाला बसवले. १९५९च्या फोक्सवॅगनच्या जाहिरातीत ज्युलियन केनिगचे शब्द आणि हेल्मुट क्रोनचा लेआउट अलग करता येत नाहीत. सगळे पान जवळजवळ रिकामे, कोपऱ्यात इवलीशी गाडी आणि 'थिंक स्मॉल', म्हणजे लहान विचार करा, असे सांगणारे दोनच शब्द. शब्द काढले तर गाडी छापखान्याची चूक वाटेल, गाडी मोठी केली तर शब्द खोटे पडतील. आमच्याकडे मात्र लिहिणारी मुले एका रांगेत आणि चित्र काढणारी दुसऱ्या रांगेत बसतात, कारण ती मैत्री करूनच येतात. तुम्ही आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत त्यांना उठवून जोड्या लावा. मी सांगितले की ती नाखुशीने करतात. तुम्ही सांगितले की ते काम वाटते. छत्रीच्या दिवशी रिकाम्या बसचे चित्र ज्या जोडीने काढले, त्या दोघी आधी एकमेकींशी बोलतही नव्हत्या.

आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, ते लिहिते.

आमची मुले अठरा-एकोणीस वर्षांची आहेत. दोन-तीन वर्षांत त्यांतली काही तुमच्या शेजारच्या टेबलावर असतील. कधीतरी त्यांना कुणी सांगेल की हा आकडा थोडा गोल कर, हे 'मदत करते' काढून 'करते' लिही, ही सूचना बारीक टाइपात टाक. तेव्हा नाही कसे म्हणायचे, हे त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. मी त्यांना नियम शिकवते, खटले शिकवते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले कोलगेट-पामोलिव्हचे १९६५चे प्रकरण मी दरवर्षी घेते. दाढीच्या क्रीमच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत सँडपेपरला क्रीम लावून लगेच तो साफ तासून दाखवला होता. प्रत्यक्षात खरा सँडपेपर तासण्याजोगा व्हायला सुमारे ८० मिनिटे भिजवावा लागत होता, आणि टीव्हीच्या पडद्यावर तो साध्या कागदासारखा दिसायचा, म्हणून चित्रीकरणात पारदर्शक प्लॅस्टिकवर वाळू पसरली होती. लोकांना प्रात्यक्षिक पाहतो आहोत असे वाटत असताना त्यांना न सांगता बनावट वस्तू वापरणे ही फसवणूक, असे न्यायालयाने धरले. मुले विचारतात, "मॅडम, सेटवर हे ठरवलं कुणी? कुणीच काही बोललं नाही?" या प्रश्नाचे उत्तर निकालपत्रात नाही. ते तुमच्याकडे असू शकते. त्या खटल्याचे नाही, पण अशा सेटवरच्या दुपारचे.

लिस्टरीनचे प्रकरणही असेच. हे माउथवॉश सर्दी आणि घशाच्या त्रासावर उपयोगी असल्याचे कंपनी १९२१ पासून सांगत आली होती. १९७५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आदेश दिला की पुढच्या सुमारे १ कोटी डॉलरच्या जाहिरातींमध्ये कंपनीने स्वतःच सांगावे, लिस्टरीन सर्दी किंवा घसा दुखणे टाळत नाही आणि त्यांची तीव्रताही कमी करत नाही. या वाक्याच्या आधी 'पूर्वीच्या जाहिरातींपेक्षा उलट' अशा अर्थाचे शब्दही कमिशनला हवे होते. १९७७ मध्ये अपील न्यायालयाने आदेश कायम ठेवला, तेवढे शब्द मात्र काढायला लावले. मी मुलांना हे दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून दाखवते. दोन-चार शब्दांनी केवढा फरक पडतो, हे समजण्यासाठी याहून चांगला धडा मला मिळालेला नाही. आणि तरीही, तुमच्यापैकी एखाद्याने सांगितले की "हा दावा लिहायला मी एकदा नकार दिला होता, आणि असे झाले", तर तो धडा या सगळ्यांच्या पुढे जाईल. नकार दिल्यावर काम हातचे गेले असेल तर तेही सांगा. नकार देता आला नाही, लिहिले, आणि आजही ते टोचते, असे असेल तर तेसुद्धा. मुले हे पचवू शकतात. तुम्ही निर्दोष असावे अशी त्यांची अपेक्षा नाही. माझी तर नाहीच नाही.

टीका कशी करावी याबद्दल मी तुम्हांला काय सांगणार, तुम्ही रोज रिव्ह्यूमध्ये बसता. फक्त एवढे लक्षात असू द्या की एजन्सीतल्या ज्युनियरला ओळ बाद झाली तरी दुसऱ्या दिवशी नवे ब्रीफ मिळते. आमच्या मुलाला तुमचे ते एकच वाक्य मिळते आणि ते तो वर्षभर बरोबर बाळगतो. एकदा एका पाहुण्यांनी एका मुलाचे पोस्टर उचलून सगळ्यांना दाखवले आणि म्हणाले, हे कॉपी नाही, निबंध आहे. वर्ग हसला. मुलाने त्यानंतर त्या सत्रात काही लिहून दिले नाही. पोस्टरवर शब्द जास्त होते, हे खरेच होते. ते कापून कसे दाखवायचे, हे मात्र कुणी दाखवले नाही, आणि त्या वेळी मीही मध्ये पडले नाही याची मला आजही लाज वाटते. छत्रीच्या बाईंचा तो एक प्रश्न मला म्हणूनच एवढा मोलाचा वाटतो. तो ओळीला विचारलेला होता, मुलाला नव्हे. तो प्रश्न घेऊन मुले घरी गेली आणि आता ती एकमेकांच्या ओळींना तो विचारतात.

ओळ लिहिणे म्हणजेच जाहिरात, हा समजही तुमच्याच येण्याने मोडू शकतो. १९६८च्या सुमारास लंडनमध्ये स्टीफन किंग (कादंबरीकार नव्हे, जाहिरात व्यवसायातला) आणि स्टॅन्ली पॉलिट यांनी आपापल्या एजन्सींत अकाउंट प्लॅनिंग, म्हणजे ग्राहक समजून घेऊन जाहिरातीची दिशा ठरवण्याचे काम, उभे केले, ग्राहकाची बाजू जाहिरात बनवणाऱ्यांच्या खोलीतच असावी म्हणून. आमच्या वर्गात दोन-तीन मुले अशी असतात की ज्यांना लिहिता येत नाही, चित्र काढता येत नाही, पण 'पडत असता तर विसरलोच नसतो' हे सांगता येते. त्यांना आपल्यासाठी या व्यवसायात जागा आहे हेच माहीत नसते. तुमच्यात जे प्लॅनर आहेत, मीडियाचे नियोजन करणारे आहेत, क्लायंटशी रोज बोलणारे आहेत, त्यांना कुणी कार्यशाळेला बोलावत नाही. मी बोलावते आहे.

मुले आता यंत्राकडूनही ओळी लिहून आणतात, एका मिनिटात पन्नास. त्याची मला भीती वाटेनाशी झाली आहे, कारण त्या पन्नासांतल्या बहुतेक दुसऱ्या कुठल्याही छत्रीवर लावता येतात आणि मुलांना ते आता स्वतःला दिसते. निवडायचे कसे हे शिकवणारा माणूस मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागतो.

तर ठोस मागणी अशी. एका कार्यशाळेऐवजी दोन भेटी द्या, पंधरा दिवसांच्या अंतराने. पहिल्या भेटीत एक पानाचे ब्रीफ द्या. जुने असले तरी चालेल, नावे झाकलेली असली तरी चालेल, पण खरे हवे, कारण खऱ्या ब्रीफमध्ये अडचणी असतात आणि माझ्या बनवलेल्या ब्रीफमध्ये त्या नसतात. दुसऱ्या भेटीत मुलांनी मधल्या काळात केलेले काम बघा, आणि त्याच ब्रीफवर तुमच्या टीमने काय काय केले होते ते उलगडून दाखवा, पहिल्या कच्च्या कागदापासून. दुसऱ्यांदा प्रत्यक्ष येणे जमत नसेल तर तासभर व्हिडिओ कॉल चालेल. शोरील, म्हणजे तुमच्या निवडक जाहिरातींची फिल्म, दाखवायचीच असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत दाखवा. तोवर मुलांना ती कशी बघायची हे कळलेले असेल.

आमच्या बाजूनेही काही बदल हवेत, ते माझ्या सहशिक्षकांनाही याच पत्रातून सांगते. सभागृहात दीडशे मुले बसवून त्याला कार्यशाळा म्हणणे आपण बंद करू. तीस मुलांच्या वर लिहायला बसवता येत नाही. पाहुण्यांची ओळख दोन वाक्यांत करू आणि त्यांचा वेळ भाषणांत घालवणार नाही. हजेरीसाठी मुले आणून बसवणार नाही; ज्यांनी आधीच्या आठवड्यात एखादी जाहिरात उलगडून लिहिली आहे तीच येतील. आणि पाहुणे गेल्यावर त्यांनी दिलेले काम गुणांत धरू, नाहीतर मुले ते मनापासून करूनही परीक्षेच्या धावपळीत मागे टाकतात.

'विसरलात, तरी लांबून दिसेल' लिहिणाऱ्या मुलीने त्या ओळीवर नंतर आणखी नऊ रूपे लिहिली. ती माझ्याकडे आहेत. मला त्यांतले सहावे सर्वांत चांगले वाटते, तिला नववे. आम्हां दोघींपैकी कुणाचे बरोबर, हे ठरवायला मला पुरेसे येत नाही. या सत्रासाठी तुमच्यापैकी जे कुणी येऊ शकता त्यांनी तारीख कळवा. मुलांचे कागद मी आठवडाभर आधी पाठवून देईन, आणि ते वाचायला वेळ मिळाला नाही तर तसे मोकळेपणाने सांगा, आम्ही ते वर्गात तुमच्यासमोर मोठ्याने वाचू.

आपली,
जाहिरात शिकवणारी एक शिक्षिका